निरगुडीचा शेक

अपंग खेळाडू शोधत मावळातल्या गावांतून हिंडायचं असेल, तर आधी एक गोष्ट पाठ करून ठेवावी लागते. कोणाच्याही घरात तसं मूल नसतं. सरपंच नाही म्हणतात, अंगणवाडीची बाई नाही म्हणते, घरातली म्हातारी तर देवाची शपथ घेऊन नाही म्हणते. तेवढ्यात आतल्या खोलीत कोणीतरी भांडं पाडतं आणि ओसरीवरचे सगळे एकदम मोठमोठ्याने बोलायला लागतात.

मी तळेगावच्या एका शाळेत खेळ शिकवते. रविवारी स्कूटर काढायची आणि अशी पोरं धुंडाळायची, हा उद्योग मी आपणहून मागे लावून घेतला आहे. आमचे मुख्याध्यापक विचारतात, "प्रेरणाबाई, तुम्हाला घरी कामं नसतात का?" असतात की. पण एखादं मूल परदेशातून पदक आणतं तेव्हा चौकात फ्लेक्स लावायला सगळे पुढे असतात, आणि त्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या गर्दीत मुलाचा फोटो सगळ्यात लहान असतो. ते मूल आधी घराबाहेर काढायला मात्र कुणी येत नाही. मला याचा संताप येतो. संताप आला की मी स्कूटर काढते.

संगीता मला अशी कुणाच्या घरात सापडली नाही. उन्हाळ्यात लोहगडाच्या रस्त्यावर ती करवंदं विकत बसली होती. पळसाच्या पानाचे द्रोण, समोर पाटी, डावा हात ओढणीखाली. एका गाडीतल्या बाईने करवंदं घेतली आणि पाटीशेजारी मोबाइल विसरून ती गाडीत जाऊन बसली. गाडी सुटली. संगीताने मोबाइल उचलला आणि उतारावरून धावत सुटली. ओढणी उडाली तेव्हा मला दिसलं, डावा हात कोपरात दुमडून छातीशी आवळलेला, मूठ घट्ट, डावी टाच जमिनीला टेकतच नाही. आणि तरी ती गाडीच्या मागे अशी धावत होती की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. वळणावर तिने गाडी गाठली. काचेवर मूठ आपटली, मोबाइल दिला आणि परत येताना ओढणी पुन्हा हातावर घेऊन अगदी हळूहळू, सावकाश चालत आली. ती सावकाश का चालत आली, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी फक्त धावणं बघितलं.

बेडशाच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात त्यांची वाडी आहे. आई सावित्राबाई, वडील गेणू आणि ही एकटी लेक. बाळंतपणाला वाडीतून खाली आणेपर्यंत सावित्राबाई दीड दिवस अडल्या होत्या. पोर जन्मली ती काळीनिळी, आणि तिची डावी बाजू कायमची आखडली. पण हे मला गेणूभाऊंनी सांगितलं, तेही बांधापर्यंत सोडायला आले तेव्हा, हळूच. सावित्राबाईंनी घरात बसून मला स्वच्छ सांगितलं होतं, "तिला काय झालंय? काय बी न्हाई. तुमी उगं कुनाचं तरी ऐकून आलासा."

"मावशी, ती फार छान पळते."

"पळती कशाला? पोरीच्या जातीनं पळू न्हाई, आसं मी तिला शंभरदा सांगितलंय."

मी आणखी तोंड उघडणार, तेवढ्यात दारात उभी असलेली संगीता म्हणाली, "मी येते म्याडम." एवढंच. आईकडे तिने बघितलंही नाही.

त्यानंतर पावसाळाभर आणि दिवाळीनंतरही ती कामशेतपर्यंत खाली येऊन माझ्याबरोबर सराव करत राहिली. चारशे मीटर ही तिची शर्यत. शेवटच्या शंभरात बाकीच्या पोरी श्वासासाठी तोंड वासतात, हिचा डावा पाय लाकडासारखा होतो, पण ती उजव्याच्या जिवावर तो ओढत आणते आणि वेग सोडत नाही. तिची वेळ मी अपंगांच्या खेळांच्या संघटनेतल्या एका माणसाला फोनवर सांगितली तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?" मी त्याला म्हटलं, माझं घड्याळ बरोबर आहे, तुमचं कॅलेंडर बघा आणि आम्हाला कधी बोलावताय ते सांगा.

जानेवारीत बोलावणं आलं. आशियाई पातळीवरच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता आणि निवड चाचणी नेमकी लोणावळ्यात, तुंगार्लीकडच्या एका निवासी शाळेच्या मैदानावर होती. घराजवळ! मला वाटलं, देवाने पहिल्यांदाच आमच्या बाजूने काहीतरी केलं.

यात एक अडथळा असतो, तो नीट सांगायला हवा. अपंगांच्या शर्यतीत नुसतं धावून चालत नाही. आधी डॉक्टरांचं एक पथक खेळाडूला तपासतं. कसलं अपंगत्व आहे, किती आहे, हे बघून त्याला गट देतं. गट मिळाला तर धावायचं. नाही मिळाला तर तुमची वेळ कितीही चांगली असो, तुम्ही कुंपणाबाहेर. संगीताबद्दल मला काडीची शंका नव्हती. तिचा हात आणि पाय बघून आंधळ्यानेही गट दिला असता.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी वाडीवर गेले आणि तिला समजावलं. "घाबरू नकोस. माणसं चांगली असतात. खुर्च्यांवर बसलेली असतील. नाव-गाव विचारतील, चालून दाखव म्हणतील, हात पुढे करायला लावतील, एखादी वस्तू उचलायला देतील. आपण शांत राहायचं. विचारतील तेवढंच बोलायचं."

चुलीपाशी सावित्राबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय. ते समदं आमाला ठावं हाये. तुमी काळजी करू नका, मी हाये तिच्या संगती."

इतके महिने तोंड वाकडं करणारी बाई आपणहून येते म्हणाली, म्हणून मला भरून आलं. मी त्यांचा हातसुद्धा हातात घेतला. काय म्हणावं माझ्या अकलेला!

दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात थंडी मी म्हणत होती. तपासणीच्या खोलीत खेळाडूबरोबर एकालाच जाता येत होतं. संगीता म्हणाली, "आय येऊ दे." मी बाहेर व्हरांड्यात थांबले. राज्याराज्यांतून आलेली पोरं, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, कृत्रिम पाय, आयाबाया, डबे, सगळी नुसती गडबड. मायलेकी बाहेर आल्या तेव्हा सावित्राबाईंचा चेहरा उजळलेला होता. मला वाटलं, झालं काम.

तासाभराने निकाल आला. स्पर्धेसाठी लागतं तेवढं अपंगत्व आढळलं नाही. अपात्र.

मी तो कागद तीनदा वाचला. मग टेबलावरच्या मुलाला म्हटलं, नाव चुकलंय. त्याने नाव, गाव, जन्मतारीख वाचून दाखवली. चुकलं नव्हतं.

मायलेकी शाळेच्या नळापाशी बसल्या होत्या. मी तरातरा तिथे गेले आणि जवळ जाताच मला वास आला. तिळाचं तेल आणि आणखी काहीतरी उग्र, कडसर.

"हा वास कसला, मावशी?"

"निरगुडीचा," सावित्राबाई म्हणाल्या. "पहाटं उटून पाला गरम केला, हातापायाला शेक दिला. मंग त्याल चोळून चोळून पाय मोकळा केला. तास दीड तास लागतो, पन दुपारपावतर टिकतं." आणि मग माझ्याजवळ सरकून, अगदी आनंदाने, "पाक सरळ चालली बगा. टाच टेकवली. मूठ बी उघडली. त्या डाक्टरीनबाईला तर कायच कळलं न्हाई!"

मी खाली बसले. ओल्या फरशीवर, तशीच.

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. पोर वयात आली तेव्हापासून सावित्राबाईंनी तिला हे शिकवलं होतं. पाहुणे बघायला यायचे असले की पहाटे निरगुडीचा शेक. मग भाताच्या खाचरातल्या अरुंद बांधावर चालायचं, हातात पाण्याने भरलेल्या फुलपात्राचं ताट, डावा हात ताटाच्या खाली, बोटं दिसू द्यायची नाहीत. श्वास धरायचा नाही, सोडायचा, म्हणजे पाय आखडत नाही. घाई करायची नाही. टाच आधी. पाणी सांडलं तर परत पहिल्यापासून. पाहुणे ओसरीवर बसायचे, नाव विचारायचे, चालून दाखव म्हणायचे, सुई ओवायला द्यायचे. आणि संगीता पास व्हायची! दरवेळी पास व्हायची. मग पाहुणे खाली उतरेपर्यंत वाडीतलं कोणीतरी त्यांच्या कानाला लागायचं आणि दुसऱ्या दिवशी नकार यायचा. असं चारपाचदा झालं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा एक स्थळ येणार होतं.

खुर्च्यांवर बसलेली माणसं. नाव-गाव. चालून दाखव. हात पुढे कर. मी तरी दुसरं काय सांगितलं होतं?

मी ओरडले. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली इतकी ओरडले. "अहो, ते लग्नाला बघायला आले नव्हते! अपंग आहे का हेच बघायला बसले होते!"

सावित्राबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. संगीता म्हणाली, "आयला बोलू नका. मलाच समजाया पायजे व्हतं. पन खुर्च्या दिसल्या आन् पाय आपसूकच तसा पडाया लागला. मी थांबिवला तरी थांबंना."

नशिबाने एक वाट शिल्लक होती. एका पथकाने अपात्र ठरवलं की दुसरं पथक पुन्हा तपासतं, असा नियमच आहे. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि चारशे मीटरची शर्यत त्याच दुपारी. आमची सोय शाळेच्या वसतिगृहात झाली होती. तिथे मी दोघींना समोर बसवलं. उद्या शेक नाही. तेल नाही. गरम पाण्याने अंघोळसुद्धा नाही. आहे तसं चालायचं.

"लोकांम्होरं तिला वाकडी चालवायची?" सावित्राबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, तेच मला जास्त लागलं. "मी जलमभर जे झाकलं, ते तुमी उघडं पाडायला सांगताय."

"हो," मी म्हटलं. "तेच सांगतेय." मला दुसरं काही सुचत नव्हतं. संघ त्याच आठवड्यात जाहीर होणार होता. संगीता विसाव्या वर्षात होती. ही संधी गेली की पुढची येईपर्यंत ती कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी चुलीपुढे असणार, आणि तिथून तिला बाहेर काढणं माझ्या स्कूटरला जमणार नाही, हे मला दिसत होतं.

सकाळी मी आत गेले. सावित्राबाई बाहेर थांबल्या. दुसऱ्या पथकाचे प्रमुख एक पिकल्या केसांचे मराठी डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचंय. वाईट असता तर मला आज इतका त्रास झाला नसता. त्यांनी "ये बाळ" म्हटलं, फरशी गार आहे म्हणून चटई टाकायला लावली. संगीता चालली. थंडीने पाय पुरता आखडला होता, टाच वर, गुडघा आत वळलेला. पेला उचल म्हटल्यावर बोटं उघडलीच नाहीत. तिने दात ओठ खाल्ले, कपाळावर घाम आला, तरी उघडली नाहीत. इतकी उघडी पडलेली संगीता मी कधी बघितली नव्हती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि तरी मनात म्हणत होते, असंच, असंच कर.

डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं आणि लॅपटॉप फिरवून माझ्यापुढे धरला. आदल्या दिवसाच्या तपासणीचं चित्रीकरण. पडद्यावर एक मुलगी सरळ, सावकाश, खाली बघत चालत येत होती. तिने मूठ उघडली, पेला उचलला, ठेवला. ती आमची संगीता आहे असं मलाच कुणी सांगितलं नसतं तर पटलं नसतं.

"मॅडम, हिला त्रास आहे हे मला दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण मला गट द्यायचा तो किती त्रास आहे त्यावर. काल एक मुलगी आली, आज दुसरी आली. यातली खरी कोणती, हे मी कसं ठरवू?"

मी सांगायला सुरुवात केली. शेक, तेल, पाहुणे. माझं बोलणं फार भरभर होत होतं, माझं मलाच ते रचलेलं वाटायला लागलं. डॉक्टरांनी शेजारच्या माणसाकडे बघितलं. आणि तेवढ्यात दार ढकलून सावित्राबाई आत आल्या. बाहेर त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"सायेब, ही खरी हाये!" त्या म्हणाल्या. "आजची खरी. माझी पोर लंगडी हाये. जलमल्यापासनं लंगडी हाये ओ!"

दार उघडंच होतं. व्हरांड्यातली सगळी माणसं आत बघत होती. हा शब्द त्या घरात आजवर कधी उच्चारला गेला नव्हता, हे मला संगीताच्या चेहऱ्यावरून कळलं.

"म्या शिकिवलं तिला," सावित्राबाई थांबायला तयार नव्हत्या. "कुनाला दिसू ने म्हनून म्या शिकिवलं. तिचा गुन्हा न्हाई. थांबा, तुमाला दावते. चाल गं संगे, काल चाललीस तशी चालून दाव सायबाला. चाल ना माय!"

संगीता उठली. आईसाठी उठली. ओठ मिटून श्वास सोडत तिने सरळ चालायला सुरुवात केली. पहिली दोन पावलं जमली. तिसऱ्या पावलाला गारठलेल्या पायाची टाच उचलली गेली ती खाली आलीच नाही. तिने पुन्हा पाय टाकला. पुन्हा तसंच. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, ना इकडची ना तिकडची, आणि सावित्राबाई हात जोडून म्हणत होत्या, "बगा सायेब, बगा, आता तरी पटलं का?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पटलं, मावशी," ते म्हणाले. "पण तुम्हीच सांगताय की तपासणीत ते ठरवून लपवलं. कमी दाखवलं काय आणि जास्त दाखवलं काय, नियमाला दोन्ही सारखंच. आता तुम्ही बोललात, तर मला ते लिहावंच लागेल."

सावित्राबाईंना ते कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं. त्या बोलल्या नसत्या तर निदान शंका राहिली असती. माउलीने आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं आणि त्या खऱ्यानेच लेकीचा गळा आवळला.

मी भांडले. टेबलावर हात आपटला, नियमाचं पुस्तक मागितलं, त्या भल्या माणसाला नको ते बोलले. शेवटी गयावया केली. हो, मी, जी मुख्याध्यापकांपुढे मान तुकवत नाही, ती त्या खोलीत रडले. ते म्हणाले, तपासणी अपूर्ण, प्रकरण समितीकडे जाईल, तिथे तुम्ही बाजू मांडा, मीही माझ्याकडून दोन शब्द लिहीन. समिती कधी बसणार? ते त्यांना सांगता येत नव्हतं. संघ मात्र तोपर्यंत जाऊन परत आला असता.

दुपारी आम्ही मैदानाच्या कुंपणाशी उभ्या होतो. घरी जायला हवं होतं, पण तिघींपैकी कुणीच निघू या म्हणत नव्हतं. माइकवरून चारशे मीटरच्या मुलींची नावं पुकारली. मी संगीताला समजावू लागले, कारण गप्प राहणं मला जमत नाही. आपण समितीकडे जाऊ, मी पुण्याला जाईन, दिल्लीला जाईन. "आणि पुढच्या वेळी तपासणीला गेलीस ना, की तू फक्त..."

"बास करा म्याडम," संगीता म्हणाली. ती कधी माझ्यावर आवाज चढवत नाही, आताही चढवला नाही. "आय म्हनती सरळ चाल. तुमी म्हनता वाकडी चाल. मला चालायचं कुटं व्हतं? मला पळायचं व्हतं."

सावित्राबाई पदराने तोंड दाबून खाली बसल्या. मी त्यांच्याकडे गेले नाही.

बंदूक वाजली. सवयीने माझं बोट घड्याळाच्या बटणावर गेलं. मुली पहिल्या वळणावर एकत्र होत्या, मागच्या सरळ पट्ट्यात एक उंच पोरगी पुढे निघाली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. चांगली पळाली बिचारी, तिचा काय दोष. तिने रेषा ओलांडली आणि मी बटण दाबलं. लोक टाळ्या वाजवत होते, कोणीतरी तिला उचलून घेतलं.

मी घड्याळात बघितलं. संगीता डिसेंबरात कामशेतला, उखणलेल्या मैदानावर, बाजूने गुरं चरत असताना याहून कितीतरी कमी वेळात धावली होती.

"किती लागलं तिला?" संगीताने विचारलं.

घड्याळ मी मुठीत धरून ठेवलं. "तुझ्याहून कमी," मी म्हटलं. "बरीच पुढची आहे ती."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा थोडा सैल झाला.

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि आईला उठवायला खाली वाकली.